पीएच.डी.च्या मुलांना लिहायला कोण शिकवणार?

आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणतील, पीएच.डी. करणाऱ्याला लिहायला शिकवायचं म्हणजे काय? तो काय बालवाडीत आहे? हा प्रश्न आम्हाला विद्यापीठांतही विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा गाइड असतात. आम्ही दोघं, एक रसायनशास्त्रातला आणि एक भाषेच्या बाजूची, गेली काही वर्षं एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या मुलामुलींसाठी लेखनाच्या कार्यशाळा घेतो. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात प्रयोगशाळेपासून करू. नवा विद्यार्थी लॅबमध्ये आला की पिपेट कसं धरायचं, हे कोणीतरी शेजारी उभं राहून दाखवतं. वजनकाटा शून्यावर कसा आणायचा, उपकरणाचं कॅलिब्रेशन कसं करायचं, सगळं हात धरून शिकवलं जातं. पहिले काही आठवडे त्याच्या आकड्यांवर कोणी विश्वाससुद्धा ठेवत नाही. पुन्हा कर म्हणतात. आणि लेखन? तीन-चार वर्षं काम झाल्यावर गाइड सांगतात, "चला, आता लिहून आणा." संपलं शिक्षण. तो लिहून आणतो. पान लाल रेघांनी भरून परत येतं, आणि समासात शेरे असतात: भाषा सुधारा, अस्पष्ट, नीट मांडा. आता बघा, पिपेटच्या बाबतीत "नीट धरा" एवढंच सांगून कोणी निघून जाईल का?

यात गाइडना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही. त्यांनाही हे कोणी शिकवलेलं नाही. वाक्य वाचताना कुठंतरी खटकतंय, हे त्यांना अचूक कळतं. काय खटकतंय, त्याला नाव देता येत नाही. मग सगळं खापर फुटतं इंग्रजीवर. "मराठी माध्यमातून आलाय ना, इंग्रजी कच्चं आहे."

इंग्रजी खरंच कच्चं असू शकतं. पण आम्ही आधी एक साधी चाचणी घेतो. कागद बाजूला ठेवायचा, आणि तुला काय सापडलं ते मराठीत सांगायचं. घरी ज्या भाषेत बोलतोस त्या भाषेत; अहिराणी असेल तर अहिराणीत सांग, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत. ते ऐकल्यावर चित्र स्वच्छ उभं राहिलं, तर अडचण इंग्रजीची आहे, आणि ती दूर करायला फार वेळ लागत नाही. पण पुष्कळदा मराठीतही उत्तर येतं ते असं: "मी नमुने घेतले, त्यांचं ॲनॅलिसिस केलं आणि व्हॅल्यूज आल्या." बरं, व्हॅल्यूज आल्या. मग सापडलं काय? यावर जी शांतता पसरते, ती इंग्रजीची नसते. तिथं अजून विचारच पूर्ण झालेला नाही, आणि तो कागदावर उतरवायला गेल्यावरच हे कळतं. संशोधन झालं, आता फक्त लिहायचं राहिलं, असं जे म्हटलं जातं ना, त्यावर आमचा विश्वास नाही. लिहायचं राहिलं म्हणजे संशोधनातला एक मोठा भाग राहिला.

जर्नल पूर्ण करण्याची कला

ही सवय लागते कुठं? आमच्या मते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये. तुमच्यापैकी जे विज्ञान शाखेचे आहेत, त्यांना ते आठवत असेल. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. परीक्षा जवळ आली की सीनियरचं जर्नल मिळवायचं आणि दोन रात्रींत उतरवून काढायचं. निरीक्षणंही त्याचीच आणि निष्कर्षही त्याचेच. सर सही करतात. म्हणजे विज्ञानातलं लेखन ही दुसऱ्याची वाक्यं सुबक अक्षरात उतरवण्याची गोष्ट आहे, हे आपण बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत सह्या देऊन मुलांच्या मनावर ठसवतो. आणि मग पीएच.डी.ला आल्याबरोबर सांगतो, की खबरदार, वाङ्मयचौर्य हा गुन्हा आहे.

नियम आहेतच. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंधातला सारखेपणा १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. योगायोगानं सलग १४ शब्दांपर्यंत सारखेपणा आला, तर तो मोजू नये, असंही त्यात म्हटलं आहे.

आता मुलं यातून काय शिकतात? ती टक्के शिकतात. सॉफ्टवेअरनं २३ दाखवले, ते ९ वर आणायचे. सलग चौदा शब्द चालतात ना, मग पुढचा एक बदलायचा. कोणी वाक्य उलटं करतं, कोणी शब्द बदलून देणाऱ्या यंत्रात परिच्छेद घालतं. या यंत्रांनी जगभर काय गंमत केली, ते २०२१ साली गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. छापून आलेल्या शोधनिबंधांत त्यांना चमत्कारिक शब्दप्रयोग सापडले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफीट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव! 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल'. हसू येतं, पण हे परीक्षकांच्या हातून सुटून छापलं गेलेलं आहे. टक्के कमी झाले असतीलही, पण वाचणाऱ्याला आता काहीच कळत नाही, आणि चोरी होती ती होतीच.

आम्ही वर्गात टक्क्यांचा विषय काढतच नाही. दुसऱ्याचा शोधनिबंध वाचायचा, मिटून ठेवायचा आणि शेजाऱ्याला तोंडी सांगायचं, की यांनी काय केलं आणि त्याचा माझ्या कामाशी काय संबंध. शेजारी वेगळ्या विषयाचा असावा, म्हणजे तो प्रश्न विचारतो. मग जे सांगितलं ते लिहायचं. त्यानंतरच मूळ लेख उघडून आकडे पडताळायचे आणि कोणाकडून घेतलं ते नोंदवायचं. वेळ जास्त लागतो, हे कबूल. पण लेख समजलाच नसेल तर तो तोंडी सांगता येत नाही, आणि नक्कल करण्याचं मुख्य कारण, आमच्या अनुभवात, न समजणं हेच असतं. लबाडी त्यामानानं कमी.

एक उदाहरण शेवटपर्यंत

नुसतं 'सोपं लिहा' म्हणून काही होत नाही. म्हणून आम्ही एकच उदाहरण घेऊन त्यावर बरेच तास घालवतो. समजा, एक विद्यार्थिनी यवतमाळ जिल्ह्यातल्या बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम करते. विद्यार्थिनी काल्पनिक आहे, तिचे आकडेही शिकवण्यासाठी आम्ही बनवलेले आहेत. प्रश्न मात्र खरा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकांतून पाण्यात येतं. वर्षानुवर्षं ते पाणी पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि प्रमाण खूपच जास्त असेल तर पुढे हाडं-सांधे आखडतात.

तिचा पहिला मसुदा सुरू होतो, 'पाणी हे जीवन आहे' इथपासून. पाण्यावरचे निम्मे प्रबंध इथूनच सुरू होत असावेत. पुढं पृथ्वीवर पाणी किती, त्यातलं गोडं किती. तिसऱ्या पानावर फ्लोराइड येतं. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकानं १९९० साली शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची एक रचना मांडली. ती आम्ही शेताच्या भाषेत सांगतो. आधी शिवार दाखवायचं: या भागात कोणी काय पेरलंय, म्हणजे आजवर काय माहीत झालंय. मग त्यातला पडीक तुकडा दाखवायचा, जिथं अजून कोणी नांगर घातलेला नाही. आणि मग सांगायचं, की हा तुकडा मी नांगरला. बहुतेक मसुद्यांत शिवाराचं वर्णन अघळपघळ असतं, नांगरणीही असते, पण पडीक तुकडाच नसतो. मग वाचणारा विचारतो, की बाई, हे तू केलंस कशाला?

तिचा पडीक तुकडा तिला प्रश्न विचारता विचारता सापडतो. समजा, आधीच्या अभ्यासांत त्या गावांचे नमुने एकाच ऋतूत घेतलेले होते. तिनं ते उन्हाळ्यातही घेतले आणि पावसाळ्यानंतरही. हे तिच्या वहीत होतं. मसुद्यात कुठंच नव्हतं, कारण तिला ती किरकोळ तांत्रिक बाब वाटत होती!

आता निष्कर्षाचं वाक्य. मसुद्यात होतं: 'सदर अध्ययनांतर्गत विविध ठिकाणांहून संकलित नमुन्यांचे विश्लेषण करण्यात आले असता लक्षणीय निष्कर्ष आढळून आले.' वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे. त्यात माहिती किती आहे? काही नाही. चार खेपांनंतर ते असं झालं: 'यवतमाळ जिल्ह्यातल्या ४० बोअरवेलचं पाणी आम्ही उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासलं. उन्हाळ्यात ११ बोअरवेलमध्ये फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर होतं. पावसाळ्यानंतरही त्यांतल्या ७ बोअरवेलमध्ये ते १.५ च्या वरच राहिलं.' आता यातून एक दावा उभा राहतो. पाऊस पडून गेला की पाणी सुधारेल, असं निदान सात ठिकाणी तरी धरून चालता येत नाही. हा दावा मूळ मसुद्यातही लपलेला होता असं नाही. तो वाक्य घडवताना सापडला.

यातला 'लक्षणीय' हा शब्द घातक आहे. इंग्रजीत 'सिग्निफिकंट' म्हटलं की संख्याशास्त्रज्ञ एक अर्थ घेतो: हा फरक निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता कमी आहे. बाकीचं जग दुसरा अर्थ घेतं: फरक मोठा आहे, महत्त्वाचा आहे. नमुने पुष्कळ असतील तर अगदी क्षुल्लक फरकही पहिल्या अर्थानं सिग्निफिकंट ठरू शकतो. म्हणून आम्ही सांगतो, की संख्याशास्त्राची कसोटी लावली असेल तरच हा शब्द वापरा, आणि तेव्हाही फरक किती आहे तो आकडा शेजारी लिहा.

तसंच क्रियापदांचं. 'सिद्ध झालं', 'दिसून आलं', 'सूचित होतं', 'शक्यता आहे'. ही एक शिडी आहे, आणि पुरावा जिथवर पोचतो त्याच पायरीवर उभं राहायचं. फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत डागाळलेल्या दातांची मुलं जास्त दिसली, तर एवढ्याच पाहणीवरून 'सिद्ध झालं' म्हणता येत नाही. मुलं मात्र दोन टोकांना असतात. काही जण सगळंच सिद्ध करून मोकळे होतात, तर काही इतके भितात, की आपण स्वतः मोजलेल्या आकड्याबद्दलही 'कदाचित असण्याची शक्यता नाकारता येत नाही' म्हणतात. अरे, तू मोजलंस ना? मग 'आहे' म्हण.

शब्दक्रमाबद्दल एक गोष्ट सांगतो. ती मराठी बोलणाऱ्यांना विशेष उपयोगी आहे. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांनी १९९० मध्ये 'अमेरिकन सायंटिस्ट'मध्ये एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजी वाचकाची अपेक्षा ठरलेली असते: वाक्याच्या सुरुवातीला माहीत असलेली गोष्ट, आणि ज्यावर भर द्यायचा ती नवी गोष्ट शेवटी. मराठीत शेवटी क्रियापद बसतं. भर असतो तो शब्द बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी येतो. 'हा नमुना गणेशनं आणला' आणि 'गणेशनं हा नमुना आणला', दोन्हींत मजकूर तोच, पण पहिल्यात गणेशवर बोट आहे. आपली मुलं इंग्रजीत लिहिताना हा ठोका हरवून बसतात. महत्त्वाचा आकडा वाक्याच्या मध्ये कुठंतरी पुरतात आणि शेवट 'इन द प्रेझेंट स्टडी' या शब्दांनी करतात. त्यांना भर द्यायचा असतो हे नक्की. फक्त इंग्रजीत तो कुठं बसतो, हे कोणी दाखवलेलं नसतं. एका दुपारी वीस वाक्यांचे शेवट बदलून बघितले, की हे कायमचं लक्षात राहतं.

पाणी प्यायचं की नाही?

इथपर्यंत परीक्षकासाठी लिहिणं झालं. आता तीच विद्यार्थिनी ज्या गावातून पाणी भरून घेऊन गेली, त्या गावाचं काय? तिथल्या बाईनं बोअर हापसून तिच्या बाटल्या भरून दिल्या. तिला उत्तर हवं आहे, आणि तिचा प्रश्न साधा आहे: हे पाणी प्यायचं की नाही?

विज्ञान संवाद म्हणजे शोधनिबंध सोपा करून सांगणं, असा समज आहे. आमच्या मते तो अर्धवट आहे, कारण इथं प्रश्नच बदलतो. परीक्षकाला पद्धत बरोबर आहे का हे बघायचं असतं. गावाला उद्या सकाळी काय करायचं ते ठरवायचं असतं. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. हे ग्रामसभेत असंच वाचून दाखवलं तर काय होईल? म्हणून आम्ही मुलांना आधी विचारायला लावतो, की गावाला पाण्याबद्दल आधीपासून काय माहीत आहे?

आणि इथं फार गमतीची गोष्ट निघते. गावात चांगल्या पाण्याची परीक्षा ठरलेली असते. पाणी मचूळ लागत नाही ना? डाळ लवकर शिजते ना? म्हणजे पाणी चांगलं. ही परीक्षा खुळचट नाही. डाळ शिजत नाही कारण पाणी जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार असतात. पण फ्लोराइडला अशा प्रमाणात चव नसते, वास नसतो, रंग नसतो. आणि फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात कॅल्शियम बहुधा कमी असतं. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्यात डाळ छान शिजते, नेमकं तेच दगा देऊ शकतं! हे ज्या विद्यार्थिनीला माहीत नाही, ती कितीही सोप्या मराठीत बोलली तरी लोक मान डोलावतील आणि त्याच बोअरवर जातील. कारण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा पुरावा आहे आणि हिच्याकडे एक कागद.

दुसरं, 'पाणी उकळून प्या'. वर्षानुवर्षं आरोग्य खात्यानं, डॉक्टरांनी, शाळेनं हे सांगितलं आणि ते जंतूंसाठी बरोबर आहे. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि तेवढंच फ्लोराइड कमी पाण्यात राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. 'दूषित पाणी' असा शब्द आपण वापरला, की ऐकणारी बाई घरी जाऊन पाणी उकळणार. मग तो शब्दच चुकला. आम्ही मुलांना सांगतो, की तुमच्या वाक्यानंतर माणूस काय करेल, ते डोळ्यांसमोर आणा, आणि मग वाक्य लिहा.

प्रमाण समजावायला उपमा लागते. हजार लिटरची काळी टाकी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात दीड ग्रॅम, म्हणजे साधारण पाव चमचा मिठाच्या वजनाएवढं फ्लोराइड, ही ती १.५ ची मर्यादा. उपमा चांगली आहे, पण तिचा शेवटही सांगावा लागतो. नाहीतर कोणीतरी म्हणेलच, "एवढंसं? मग काय होतंय!" आणि मीठ जसं जिभेला कळतं तसं हे कळत नाही, हेही तिथंच सांगायचं.

उपाय काय, हा पुढचा प्रश्न येणारच. नागपूरच्या नीरी या संस्थेनं विकसित केलेली नालगोंडा पद्धत आहे: पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून घालायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा. पण मात्रा पाणी तपासून ठरवावी लागते. अंदाजानं तुरटी टाकून भागत नाही. म्हणून विद्यार्थिनीनं फक्त पद्धतीचं नाव सांगून मोकळं होऊ नये. ही बोअर पिण्यासाठी वापरू नका, धुण्याभांड्याला चालेल, तपासणीसाठी अमुक ठिकाणी जा, हे एवढं सांगता आलं तरी पुष्कळ. आणि पर्यायी पाणी किती लांब आहे, ते तिनं आधी बघून ठेवलेलं असावं. बोअर बंद करा म्हटलं की डोक्यावरचा हंडा कोणाच्या वाट्याला येणार, ते आपल्याला माहीत आहे.

हे सगळं प्रबंधात कुठं बसतं? कुठंच नाही. गुण नाहीत, क्रेडिट नाहीत. पण गावाला उत्तर दिल्याशिवाय नमुने नेणं आम्हाला पटत नाही, आणि ज्या मुलांनी असं उत्तर तयार केलं, त्यांच्या प्रबंधातलं चर्चेचं प्रकरण हमखास सुधारलं. कारण ग्रामसभेत विचारले जातील असे प्रश्न व्हायवाच्या परीक्षकालाही सुचत नाहीत.

शास्त्रज्ञानं असं लोकांसाठी लिहिणं हलकं काम आहे, ही भावना अजून आहे. मराठीत तरी ती नसावी. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. त्या वेळी ते नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्या नावाकडे बघून नव्हे, तर कथा वाचून निवड व्हावी, अशी त्यांची इच्छा. बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं.

व्यवस्थेत जागा आहे का?

थोडीफार आहे. पीएच.डी.ला संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम आता सक्तीचा आहे. त्यात नीती आहे, गैरप्रकार आहेत, डेटाबेस आहेत, आकडेवारीचे निर्देशांक आहेत. परिच्छेद कसा लिहायचा, ते नाही. २०२२ च्या विनियमांनी प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली, ही आमच्या मते चांगली गोष्ट झाली. पैसे भरून छापणाऱ्या पत्रिकांचं दुकान त्या सक्तीवरच चालत होतं. त्याच विनियमांत विद्यार्थ्याला अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण असावं असंही म्हटलेलं आहे. ते कसं द्यायचं, ते विद्यापीठावर सोडलंय. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' ही स्पर्धा सुरू केली: पीएच.डी. करणाऱ्यानं आपलं संशोधन सामान्य वाचकाला कळेल असं लेखरूपात मांडायचं, आणि निवडक लेखांना रोख बक्षीस. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेली तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा आता आपल्याकडेही काही संस्थांत होते. स्पर्धा चांगल्याच आहेत. फक्त स्पर्धेत उतरतात ती आधीच बोलकी असलेली मुलं. मागच्या बाकावरचा, ज्याच्या वहीत चांगलं काम पडून आहे, तो तिथं पोचत नाही.

त्याच्यासाठी आमचा आग्रह एकच आहे: आठवड्यातून एकदा, सहा-सात जण, वेगवेगळ्या विषयांचे. प्रत्येकानं एक परिच्छेद आणायचा, जास्त नाही. तो त्यानं स्वतः वाचायचा नाही. शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचा. वाचताना तो जिथं अडखळला, तिथं पेन्सिलीनं ठिपका. पहिल्या फेरीत 'चूक' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. 'इथं मी थांबलो', 'इथं मला वाटलं तू पुढं अमुक सांगशील', एवढंच. पुढच्या आठवड्यात तोच परिच्छेद, बदलून. तिसऱ्या आठवड्यातही तोच. मुलं कंटाळतात, चिडतात, आणि चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच्या परिच्छेदातला हरवलेला पडीक तुकडा त्यांना आपसूक दिसायला लागतो. स्वतःच्या लेखनात तो दिसायला अजून दोन महिने जातात.

व्याख्यानानंतर बरेच प्रश्न आले. त्यांतले दोन इथं घेतो.

एकानं विचारलं, आता एआय सगळं लिहून देतं, मग हे कशाला? एआयनं लिहिलेला मजकूर गुळगुळीत असतो, आणि तीच अडचण आहे. कच्च्या इंग्रजीत दावा नसेल तर तो नाही हे दिसतं. गुळगुळीत इंग्रजीत ते झाकलं जातं, आणि व्हायवाला उघडं पडतं. ज्याला आपला दावा मराठीत एका वाक्यात सांगता येतो, त्यानं व्याकरण तपासायला यंत्र वापरलं तर आमची हरकत नाही. विद्यापीठाचा नियम काय आहे तो मात्र आधी बघा, आणि वापरलं असेल तर तसं लिहा.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता: गाइडना वेळ नसतो, पन्नास पानं देऊन दोन महिने झाले, काय करू? पन्नास पानं परत मागून घ्या. त्यांतलं एक पान निवडा, त्याच्यावर वरच्या बाजूला दोन ओळींत लिहा, की या पानात मला अमुक दावा करायचा आहे, तो तुम्हाला पटतो का. आणि ते पान हातात घेऊन चहाच्या वेळेला जा. एका पानाला बहुतेक गाइड उभ्या उभ्याही उत्तर देतात.